‘ऐकणं’ म्हणजे नेमकं कुणाचं? : पंडिता रमाबाईंची पत्रं वाचताना



प्राथमिक साधन कशाला म्हणायचं आणि दुय्यम कशाला, याच्या व्याख्या तुम्हाला पाठ असणारच. पेटला त्यावर प्रश्न आला तर चार पर्यायांतून ‘पत्रव्यवहार’ निवडायचा, गुण मिळतो. अडचण त्यानंतर सुरू होते. कोर्सवर्कमध्ये खरीखुरी पत्रं समोर आली की आपण बहुतेक वेळा दोनच गोष्टी करतो. एक तर आपल्याला आवडलेली वाक्यं उचलतो, नाहीतर प्रस्तावनेत जे म्हटलंय तेच आपल्या शब्दांत उतरवतो. म्हणून आज व्याख्या नको. एकच पुस्तक घेऊ आणि ते जरा खरवडून बघू.

पुस्तक आहे ‘द लेटर्स अँड करस्पॉन्डन्स ऑफ पंडिता रमाबाई’. १९७७ साली महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने काढलेलं, अ. भि. शहा यांनी संपादित केलेलं. विषय महाराष्ट्राचा, प्रकाशक आपलंच सरकारी मंडळ, पण भाषा इंग्रजी. त्यामुळे मराठीतून एम. ए. केलेले मित्र त्याच्या वाटेला जात नाहीत आणि विज्ञानवाल्यांना ते आपलं वाटत नाही. मी रसायनशास्त्राची. धर्मशास्त्र हा माझा प्रांत नाही, आणि देव आहे की नाही हे काही या लेखात ठरणार नाही. पण या पुस्तकातला मुख्य प्रश्न कुठल्याही संशोधकाला ओळखीचा वाटावा असा आहे. आज्ञा कुणाची? ती आपल्यापर्यंत कुणाच्या तोंडून आली? आणि ती पाळताना आपण नक्की कुणापुढे वाकतो? देवाचा आदर आणि देवाच्या आज्ञेत राहणं या दोन गोष्टी ख्रिस्ती जीवनाचा पाया मानल्या जातात. रमाबाईंनी पंचविशीत हा पाया उकरून पाहिला, आणि तरीही त्या घराबाहेर पडल्या नाहीत. हे प्रकरण वाटतं तितकं सरळ नाही.

आधी शब्द बघू, कारण निम्मा गोंधळ तिथेच आहे. मराठी बायबलात ‘परमेश्वराचे भय’ हा शब्दप्रयोग वारंवार येतो. आपल्या कानाला भय म्हटलं की अंधाराचं, पोलिसाचं, निकालाचं. हिब्रूतला मूळ शब्द आहे ‘यिराह’. त्यात दचकणंही आहे आणि आदराने मान झुकणंही. आपल्याकडे म्हातारी माणसं ‘अरे, देवाला तरी घाबर’ म्हणतात तेव्हा देव मारकुटा आहे असं त्यांना म्हणायचं नसतं. कुणी बघत नसलं तरी भान सोडू नको, असं म्हणायचं असतं. ‘यिराह’ या अर्थाच्या बरंच जवळ आहे. दुसरा शब्द आज्ञापालनाचा. हिब्रूत ‘शामा’ म्हणजे ऐकणं, आणि तोच शब्द मानणं, पाळणं या अर्थानेही येतो. ग्रीकमध्ये ‘हुपाकोए’, त्याच्याही पोटात ऐकण्याचंच क्रियापद आहे. हे मराठी माणसाला समजावून सांगावं लागत नाही. ‘पोरगं ऐकत नाही’ असं कुणी म्हटलं तर आपण त्याला कानाच्या डॉक्टरकडे न्या म्हणत नाही. आपल्या भाषेत ऐकणं आणि आज्ञा पाळणं हे आधीपासून एकच आहे. आणि म्हणूनच ‘कुणाचं ऐकायचं’ हा प्रश्न आपल्याकडे घरोघरी असतो, धर्म कुठलाही असो.

आता रमाबाईंकडे. १८५८चा जन्म. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी आधी बायकोला आणि पुढे मुलीला संस्कृत शिकवलं, लोकांचा रोष पत्करून. १८७०च्या दशकातल्या दुष्काळात आईवडील गेले. भाऊ-बहीण पुराण सांगत देशभर पायी फिरले. १८७८मध्ये कलकत्त्यात पंडितांनी परीक्षा घेऊन ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हटलं. बंगाली वकिलाशी लग्न, मुलगी मनोरमा, आणि १८८२मध्ये वैधव्य. पुण्यात आर्य महिला समाज, ‘स्त्रीधर्मनीति’ हे पुस्तक, हंटर आयोगापुढे साक्ष. १८८३मध्ये त्या इंग्लंडला गेल्या त्या वैद्यकी शिकायला. पण कानाने कमी ऐकू येऊ लागलं आणि ते राहून गेलं. (जिला नीट ऐकू येत नव्हतं तिच्या आयुष्यातला सगळ्यात लांबलेला वाद कुणाचं ऐकायचं यावरच झाला, हे मला प्रत्येक वेळी आठवतं. त्याचा अर्थ काढू नका, योगायोग आहे.)

इंग्लंडमध्ये त्या वाँटेज गावात कम्युनिटी ऑफ सेंट मेरी द व्हर्जिन या अँग्लिकन भगिनीसंघाकडे राहिल्या. १८४८मध्ये स्थापन झालेला हा संघ. त्याच्या काही सिस्टर पुण्यात पंच हौद मिशनमध्ये काम करायच्या, तिथली ओळख. २९ सप्टेंबर १८८३ला रमाबाई आणि मनोरमा या दोघींचा बाप्तिस्मा झाला. त्यांची जबाबदारी होती सिस्टर जेराल्डीन यांच्याकडे. रमाबाई पत्रांत त्यांना ‘आजीबाई’ म्हणतात. हे संबोधन लक्षात ठेवा. पुढे पानापानांवर भांडण आहे, पण ते घरातलं भांडण आहे.

भांडण कशाकशावरून? अगदी ताटापासून. रमाबाई मांस-मासे खात नाहीत, अंडं घातलेलं पुडिंगही खात नाहीत. सिस्टरांना वाटतं, ही जातीची खूण अजून गळली नाही, हा गर्व आहे. रमाबाईंचं उत्तर असं की माझा गर्व तुम्हाला ताटातच शोधायचा असेल तर शोधा, पण कुठल्या शास्त्रात लिहिलंय की ख्रिस्ती झालं की खाणं बदलायचं? मग गळ्यातल्या क्रॉसवरची अक्षरं. ती लॅटिन. रमाबाईंचं म्हणणं, लॅटिन ना माझी भाषा ना माझ्या देशाची. अक्षरं हवीतच तर संस्कृत का नकोत? लॅटिन जास्त पवित्र आहे हे कुणी ठरवलं? पुढे चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजात शिकत असताना तरुण पुरुषांना शिकवण्याची गोष्ट निघाली, तर भारतात काम करणाऱ्या बिशपांचा विरोध: बाईने पुरुषांना शिकवलं तर हिंदुस्थानात तिची पत जाईल. रमाबाई चकित. त्यांच्या आईने आणि त्यांनी पुरुषांना शिकवलं, वडिलांनी कधी हरकत घेतली नाही, नवऱ्याने नाही, आणि हरकत घेतायत कोण, तर इंग्रज! त्यानंतर त्रैक्याचा सिद्धान्त, मतांगीकार म्हणून म्हणायची सूत्रं, आणि लहान मनोरमेला यातलं काय शिकवायचं आणि काय नाही.

वाचताना तुम्हाला एक गोष्ट दिसेल. प्रत्येक वादात रमाबाई एकाच जागी बोट ठेवतात. हे देवाने सांगितलं की तुम्ही? देवाने सांगितलं असेल तर कुठे, दाखवा. १२ मे १८८५चं पत्र या दृष्टीने संपूर्ण वाचा, तुकड्यात नको. मुद्दा असा की इथल्या पुरोहितांच्या सत्तेतून बाहेर यायला त्यांना फार किंमत मोजावी लागली होती. आता दुसऱ्या पुरोहितांच्या तोंडून येईल ते सगळं परमेश्वराचंच म्हणून डोक्यावर घ्यायचं, तर मग बदललं काय? आणि त्याच पत्रात त्या देवाची आज्ञा झिडकारत नाहीत. उलट तीच एक आज्ञा खरी, म्हणून मधल्या सगळ्यांकडे त्या पुरावा मागतात.

आता आपलं काम सुरू होतं. हे सगळं आपल्याला कळलं कुणामुळे? ही पत्रं गोळा केली, क्रम लावला, जागोजागी स्वतःच्या टिपा जोडल्या, त्या सिस्टर जेराल्डीन यांनी. म्हणजे वादातल्या एका पक्षाने. आपल्या भाषेत, ज्याच्या गृहीतकाची परीक्षा चालू आहे त्यानेच नमुने गोळा केले. दुसरी गोष्ट, त्यांनी स्वतः आज्ञापालनाची शपथ घेतलेली होती. दारिद्र्य, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन या तीन शपथांवर त्यांचं आयुष्य उभं. त्यांच्या दृष्टीने एकट्या माणसाची बुद्धी फसवी असते, चर्च ही शतकांची साखळी असते, म्हणून चर्चमार्फत आलेलं ऐकणं हीच नम्रता. प्रश्न विचारत राहणं म्हणजे अहंकार. या चष्म्यातून त्यांच्या टिपा लिहिल्या गेल्यात. रमाबाई हट्टी आहे, रमाबाईला मान हवा असतो, हा सूर परत परत येतो.

पण थांबा. इथे आपल्यातले बरेच जण घाईने सिस्टरांना खलनायिका करतात. मला ते पटत नाही. ज्या पत्रांत आपली बाजू उघड लंगडी पडते तीसुद्धा या बाईंनी जपून ठेवली. फाडता आली असती, कुणाला कळलंही नसतं. जी संग्राहक स्वतःविरुद्धचा पुरावा जपते तिच्यावर मी जरा जास्त विश्वास ठेवते. आपल्या प्रबंधांत न जुळणारे आलेख कुठे जातात, ते आठवा.

तिसरा हात शहांचा. इंडियन सेक्युलर सोसायटी स्थापन करणारे, बुद्धिप्रामाण्यवादी. त्यांनी प्रस्तावनेत रमाबाईंना आधुनिक भारतातल्या सर्वांत थोर व्यक्तींमध्ये बसवलंय. तेव्हा महाराष्ट्रात रमाबाईंचं नाव जवळजवळ पुसलं गेलं होतं, म्हणून त्या आग्रहाचं महत्त्व मला समजतं. एकाच पुस्तकात एक आज्ञेने बांधलेली संन्यासिनी, एक देवच बाजूला ठेवणारा विवेकवादी आणि मध्ये एक देवावर गाढ श्रद्धा असलेली बंडखोर. अशी तीन माणसं एका बाइंडिंगमध्ये क्वचित सापडतात. या पुस्तकाची खरी गंमत ती आहे, आणि नेमकी तीच अनेकांच्या वाचनातून सुटते.

कशी सुटते बघा. दोन गट पडलेत. एक अभ्यासकांचा. उमा चक्रवर्तींचं ‘रीरायटिंग हिस्टरी’ आणि गौरी विश्वनाथन यांचं ‘आउटसाइड द फोल्ड’, दोन्ही १९९८ची. पैकी विश्वनाथन धर्मांतराकडेच मतभेदाची कृती म्हणून पाहतात, आणि त्या चौकटीत वाँटेजची पत्रं झळाळून उठतात. ही पुस्तकं भक्कम आहेत, वाचायलाच हवीत. मीरा कोसंबींनी रमाबाईंचं लेखन मिळवून, अनुवादून आपल्यापुढे ठेवलं, ते काम तर पायाचं. पण या वाटेने जाणारा विद्यार्थी बहुतेक वेळा १८८६पाशी थांबतो. पुढची प्रार्थना करणारी, चमत्कारावर विश्वास ठेवणारी, उपास करणारी रमाबाई त्याला अवघडल्यासारखी वाटते. दुसरा गट भक्तिपर चरित्रांचा. त्यांत वाँटेजचे वाद म्हणजे कच्च्या वयातली वादळं. ती ओलांडली की थेट केडगाव, १९०५ची जागृती, आणि एक शांत संत. एकाला तिची अवज्ञा हवी, दुसऱ्याला तिची आज्ञाधारकता. देवदत्त नारायण टिळकांचं ‘महाराष्ट्राची तेजस्विनी पंडिता रमाबाई’ हे १९६०चं मराठी चरित्र या दोन टोकांच्या मध्ये उभं आहे असं मला वाटतं. मराठी विद्यार्थ्याने सुरुवात तिथून करावी.

माझं म्हणणं असं आहे की या दोन रमाबाई नाहीतच. चर्चचं न ऐकणं हे देवाचं ऐकण्यातूनच आलेलं होतं. १९०७च्या आपल्या साक्षीत त्या सांगतात की बाप्तिस्म्यानंतरही कितीतरी वर्षं आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळालेला नव्हता. म्हणजे धर्माच्या आज्ञा आणि ज्याच्या नावाने त्या दिल्या जातात तो, यांत फट असू शकते, हे पंचविशीत वादात मांडलेलं त्यांनी उतारवयात अनुभव म्हणून मांडलं. शेवटची काही वर्षं त्या हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्खं बायबल सोप्या मराठीत आणण्यात गुंतल्या, आणि ते मुक्तीच्याच छापखान्यात छापलं गेलं. मला याहून चांगलं उदाहरण माहीत नाही. आज्ञा पाळायचीच आहे ना, मग ती मूळ स्रोतातून ऐकायची, मधल्या भाषांतरकाराच्या तोंडून नाही. प्राथमिक साधनाचा याहून कडवा आग्रह कुठल्या पद्धतिशास्त्राच्या पुस्तकात आहे?

ही गोष्ट एकट्या रमाबाईंची नव्हती. नारायण वामन टिळकांनी १८९५मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला, आपल्या शेजारच्या नगरला अमेरिकन मराठी मिशनमध्ये वर्षानुवर्षं काम केलं, आणि १९१७मध्ये मिशनची नोकरी सोडून ‘देवाचा दरबार’ मांडला. ख्रिस्त हवा, मिशनचा साहेब मध्ये नको. लक्ष्मीबाईंची ‘स्मृतिचित्रे’ तुम्ही वाचली असतील तर त्या घराचा स्वभाव तुम्हाला माहीत आहे.

इथपर्यंत सगळं रमाबाईंच्या बाजूने गेलं. आता उलट बाजू, आणि माझ्या मते या पुस्तकाचं अवघड प्रकरण इथेच आहे.

वाँटेजमध्ये रमाबाई आश्रित होत्या. सिस्टरांना मराठी शिकवायचं आणि त्या बदल्यात राहणं-जेवणं, अशी व्यवस्था असली तरी परक्या देशात, पदरात लहान मूल, हातात पैसा नाही. ज्यांचं अन्न खातो त्यांच्याशीच त्या भांडत होत्या. धाडस मोठं आहे. पण त्यांच्याकडे शिदोरीही होती: संस्कृत, कलकत्त्याची पदवी, देशभर झालेलं नाव. डोरोथिया बील यांच्यासारख्या प्राचार्य बाई सिस्टरांना समजावत होत्या की हिचे प्रश्न दाबू नका, हिला विचार करतच इथे पोचू द्या. म्हणजे आश्रित असूनही प्रश्न विचारायची ऐपत रमाबाईंकडे होती.

काही वर्षांनी जागा बदलल्या. ११ मार्च १८८९ला मुंबईत शारदा सदन उघडलं, पुढच्या वर्षी पुण्याला हललं. उच्चवर्णीय विधवांसाठी, धर्माच्या बाबतीत तटस्थ राहण्याचं वचन देऊन. रमाबाई सकाळी आपल्या खोलीत प्रार्थना करत, दार उघडं असे, मुली येऊन बसत. यावरून १८९३मध्ये पुणं पेटलं. ‘केसरी’ने झोडपलं, रानडे-भांडारकरांसारखे सल्लागार बाहेर पडले, पालकांनी मुली काढून नेल्या. रमाबाईंचा बचाव सरळ होता. मी कुणाला बोलावत नाही, पण माझ्या घरात माझ्या देवाची प्रार्थना मी दार लावून का करावी? मुलींनाही स्वातंत्र्य आहे, त्यांनी यावं किंवा न यावं.

या बचावाचा पहिला भाग मला पूर्ण मान्य आहे. दुसरा भाग अडतो. दार उघडं आहे हे खरं, पण आत बसलेली व्यक्ती कोण? जी तुला जेवायला घालते, शिकवते, जिच्याशिवाय तुला जगात जागा नाही. आपल्या जिल्ह्यात हे फार सोप्या भाषेत सांगता येतं. मुकादमाकडून उचल घेतलेला ऊसतोड कामगार ‘हो, येतो कारखान्याला’ म्हणतो तेव्हा तो त्याच्या मर्जीने म्हणतो की उचल बोलते? रमाबाई मुकादम नव्हत्या, त्यांनी कुणाला कर्जात बांधलं नाही, ही तुलना हेतूची नाही. तुलना त्या ‘हो’ची आहे. आश्रिताच्या ‘हो’मधून मर्जी किती आणि गरज किती, हे वेगळं काढता येत नाही. प्रयोगात दोन चलं एकत्रच बदलली तर परिणाम कशाचा ते सांगता येत नाही, त्याला आपण कन्फाउंडिंग म्हणतो. शारदा सदनातली मुलगी प्रार्थनेला बसली, तर ती देवाचं ऐकत होती की बाईंचं?

पुढे ही अडचण वाढते. १८९६-९७च्या दुष्काळात मध्य प्रांतातून आणि १९००च्या सुमारास गुजरातेतून रमाबाईंनी उपाशी मुली आणल्या. त्या केडगावला. (बीडकरांसाठी खुलासा: आपण पुण्याला जाताना नगरच्या बाहेर लागतं ते केडगाव नव्हे. हे दौंड तालुक्यातलं, रेल्वेवरचं.) मुक्तिसदनात एका काळी सुमारे दोन हजार जणी राहत होत्या. विणकाम, घाणा, छापखाना, शाळा, शेती. दुष्काळ म्हणजे काय हे आपल्याला कुणी सांगायला नको. ज्या बाईने मरणाच्या दारातून उचलून आणलं, तिच्या देवापुढे ती मुलगी हात जोडणारच. ती ढोंग करत होती असं मी म्हणत नाही. कदाचित त्या दयेतच तिला देव दिसला असेल, आणि तसं असेल तर ते खोटं कसं म्हणणार? रमाबाईंच्या स्वतःच्या बाबतीतही तसंच घडलं होतं. लंडनमधल्या फुलहॅमला सिस्टरांनी ‘पतित’ ठरवलेल्या बायकांना मायेने वागवताना पाहिलं आणि त्यांचं मन हललं, हे त्यांनीच सांगितलंय. पण रमाबाईंना पाहून परत यायचं होतं, त्यांना तिथे राहायचं नव्हतं. फरक एवढाच आहे, आणि तो लहान नाही.

रमाबाईंनी जेराल्डीनला विचारलेला प्रश्न मुक्तीतल्या कुठल्या मुलीने रमाबाईंना विचारला असेल का? ‘बाई, हे देवाने सांगितलं की तुम्ही?’ विचारला असता तर त्या रागावल्या असत्या असं मला वाटत नाही. ज्यांचा स्वभाव पत्रांत इतका मोकळा दिसतो त्यांनी कदाचित कौतुकच केलं असतं. पण विचारायला संस्कृत लागत नाही म्हणतात तरी काहीतरी लागतंच: परत जायला एखादं घर, पाठीशी एखाद्या बीलबाई, निदान ‘नाही’ म्हटल्यावर उद्याची भाकरी मिळेल ही खात्री. (तुमच्यापैकी काही जण आत्ता गाईड निवडताय. ‘तुम्हाला हवा तो विषय घ्या’ असं गाईड म्हणाले की आपण आधी त्यांचे शोधनिबंध काढून बघतो. का बघतो?)

पत्रसंग्रहाची मर्यादा इथे उघडी पडते. यात पत्रं आहेत ती मुख्यतः रमाबाईंची, मनोरमेची, सिस्टरांची, बीलबाईंची, बिशपांची. लिहिता येणाऱ्यांची आणि ज्यांची पत्रं जपावीशी वाटली त्यांची. आज्ञा देणारे आणि आज्ञेशी भांडणारे दोघेही यात आहेत. आज्ञा मुकाट पाळणारी माणसं जवळजवळ नाहीत. श्रद्धेवरच्या लेखनात हे नेहमीच होतं. आज्ञाधारकतेचा इतिहास आपल्याकडे उपदेशकांनी लिहिला किंवा बंडखोरांनी. शहांची प्रस्तावनाही ही रिकामी जागा दाखवत नाही, आणि ही त्या संपादनातली मला सगळ्यात खटकणारी गोष्ट आहे. संपादकाचं लक्ष नायिकेवर आहे. नायिकेच्या अंगणात जेवायला बसलेल्या पंगतीकडे नाही.

मग विषय शोधणाऱ्यांनी कुठे जावं? मुक्तीतून ‘मुक्ती प्रेअर बेल’ नावाचं इंग्रजी पत्रक निघत असे. तिथून सुरुवात करता येईल. मात्र ते बाहेरच्या मदत करणाऱ्यांनी वाचावं म्हणून लिहिलेलं होतं, म्हणजे तिथेही एक गाळणी आहे. त्या मुली मराठी, हिंदी, गुजराती बोलणाऱ्या. त्यांचं बोलणं इंग्रजीत कुणी नेलं, कुणासाठी नेलं, वाटेत काय गळालं, हे प्रत्येक नोंदीसमोर वहीत वेगळा रकाना आखून लिहीत चला. आणि पत्रसंग्रह वाचाल तेव्हा आधी नुसती पत्रं वाचा, सिस्टरांच्या टिपा झाकून. मग नुसत्या टिपा वाचा. शहांची प्रस्तावना अगदी शेवटी. काय वेगळं दिसलं ते मला कळवा. कुणाला मुक्तीतल्या एखाद्या मुलीने मराठीत स्वतः लिहिलेलं काही सापडलं, तर ते आधी कळवा.